आत्याच्या पार्सलवरची टेप

लोक हिमालयात जातात, केरळात जातात, परत येऊन फोटो दाखवतात. मी भाईंदरला गेले आणि चिकटपट्टी शोधत फिरले. तुमच्यापैकी कोणी या कामासाठी तिकडे गेलं असेल असं वाटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी कारण सांगते, नाहीतर पुढचं सगळं वेड्यासारखं वाटेल. तसं ते कारण सांगूनही वाटणारच आहे.

माझं काम थरांचं. काही पदार्थ मुळातच चिरोट्यासारखे असतात. पेन्सिलीतलं शिसं म्हणतो ते ग्राफाइट, अभ्रक, आणि मी ज्यावर पीएचडी करतेय ते मॉलिब्डेनाइट, म्हणजे एक काळा चकचकीत खडा. प्रत्येक थर स्वतःपुरता घट्ट, पण वरच्या-खालच्या थराशी त्याचं फारसं सख्य नसतं. त्यामुळे एक एक थर वेगळा काढता येतो. आणि अगदी शेवटचा, एकटा, तीन अणूंच्या जाडीचा थर हाती लागला की तो खड्यापेक्षा निराळाच वागतो, प्रकाश टाकला की चमकतो. पुढेमागे त्यातून चिप वगैरे बनतील अशी जगाला आशा आहे. हे थर काढायची रीत मात्र अशी, की खड्याला चिकटपट्टी लावायची आणि ओढायची. कोट्यवधींची यंत्रं असलेल्या प्रयोगशाळेत आम्ही दिवसभर हेच करतो. माझ्या आईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "एवढ्यासाठी एवढं शिकलीस?"

गेल्या वर्षी एके दिवशी आमची परदेशी टेप संपली. त्याच दिवशी आत्याचं पार्सल आलं. भाईंदरची नवघरची आमची शालन आत्या, बाबांची मोठी बहीण. तिच्या शेजारचे कोणी पुण्याला येणार होते, त्यांनी सुक्या बोंबलांचा पुडा माझ्या संस्थेच्या फाटकावरच दिला. पुड्याला तपकिरी टेप गुंडाळलेली होती. मी कंटाळून तीच काढली आणि खड्याला लावली. एकटा थर निघाला तो केसाच्या जाडीएवढा लांबरुंद. तुम्हाला हे कमी वाटेल, पण आमच्यात त्याला मैदान म्हणतात. माझे गाइड गोरेसर पक्के शाकाहारी, त्यांनी नाकाला रुमाल लावून मायक्रोस्कोपमध्ये पाहिलं आणि रुमाल गळून पडला तरी त्यांच्या लक्षात आलं नाही.

त्या टेपचा शेवटचा तुकडा संपेपर्यंत मी मैदानंच काढली, मोजमापं केली, आणि निबंध छापायला पाठवला. तपासणाऱ्यांनी एकच गोष्ट विचारली: टेप कोणती? पुन्हा करून दाखवा. मग मी बाजारातली प्रत्येक टेप लावून पाहिली. खड्याचा भुगा झाला, मैदान एकही निघालं नाही. सर म्हणाले, निबंध गेला तर प्रबंधही गेला, कारण प्रबंधात त्या मैदानांशिवाय दुसरं आहे काय? सहा वर्षं मी हेच केलंय. लग्न पुढे ढकललंय, कोकणातली प्रत्येक पूजा चुकवलीय. हे सगळं आता एका टेपवर येऊन ठेपलं होतं.

आत्याला फोन केला. "टेप कुठून घेतलीस?"

"कुठून म्हणजे? दुकानातून. नवी कोरी होती. का गं?"

म्हणून मी निघाले.

भाईंदर पूर्व, स्टेशनजवळ

प्रवासाचं काही सांगत नाही. बस होती, बसायला जागा होती, झोप लागली.

आत्याचं घर दोन खोल्यांचं, स्वयंपाकघरात फ्रिज, फ्रिजवर झालरीचं कव्हर. कव्हर इतकं लांब की दोन्ही बाजूंनी जमिनीपर्यंत लोंबायचं. मी दर जेवणाला त्या झालरीला पाठ टेकून बसत होते, हे लक्षात ठेवा. काका, म्हणजे आत्याचे यजमान, निवृत्त झाल्यापासून पेपर वाचतात. मी कशासाठी आलेय ते ऐकून त्यांनी पेपर तोंडासमोर धरला आणि पेपरामागून म्हणाले, "शोधा, शोधा. सापडेल."

आत्या मला स्टेशनजवळच्या दुकानात घेऊन गेली. घरात रत्नागिरीचं मराठी बोलणारी आत्या उंबऱ्याबाहेर पडली की हिंदीत शिरते. समोरचाही मराठी निघाला तरी दोघं बराच वेळ हिंदीतच बोलतात, मग हसतात आणि पुन्हा हिंदीतच बोलतात.

दुकानदाराने टेपांची चवड काढली. "मॅडम, क्या चिपकाना है?"

"चिपकाना नहीं है. निकालना है."

"निकालने के लिए टेप कौन लेता है?"

या प्रश्नाचं उत्तर मला गेली सहा वर्षं नातेवाइकांनाही देता आलेलं नाही. मी डबीतून खडा काढला आणि त्याच्या काउंटरवरच एकेक टेप लावून ओढायला लागले. लगेच माणसं जमली. पुण्यात असं केलं असतं तर दुकानदाराने आधी हटकलं असतं. इथे कोणी हटकलं नाही, उलट पुढे सरकून जागा करून घेतली. वह्या घ्यायला आलेल्या एका बाईंनी विचारलं, "काजल है क्या?" मी नाही म्हटल्यावरही त्यांनी थोडं बोटाला लावून पाहिलं.

प्रत्येकीने नुसता भुगा काढला, एकही टेप ती नव्हती. आत्या माझा हात ओढत होती. "चल गं, मला वाटतं तेव्हा दुकानात नव्हती घेतली. कारखान्यातून आली होती. काकांच्या ओळखीचा आहे ना एक, गाळेवाला."

संध्याकाळी हे काकांना सांगितलं. पेपर थोडा हलला. "हो, हो. गाळेवाला," ते म्हणाले.

नवघर, टेपचा गाळा

पत्र्याच्या छपराखाली ओळीने गाळे. एकात स्टीलचे डबे ठोकतात, शेजारी बटणं पाडतात, त्याच्या पलीकडे टेप. मोठ्या जाडजूड गुंडाळ्या येतात आणि इथे यंत्रावर त्यांची छोटी रिळं कापली जातात. मालक रमणीकभाई. माझ्या हातात काही येण्याआधी त्यांनी फाफडा-जलेबी मागवली. ती आल्यावरच बोलणं सुरू झालं. ही पद्धत मला फार आवडली, आमच्या संस्थेत चहाही चर्चा संपल्यावर येतो आणि तोवर गार झालेला असतो.

"तो बेन, हमारा टेप साइंस में?"

मी समजावलं. तीन अणूंच्या जाडीचा थर, तो उचलायला टेप.

"तीन एटम," ते म्हणाले आणि त्यांनी यंत्र थांबवलं. कामगारांना बोलावलं. "सुनो, हमारे टेप से तीन एटम उठता है." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग रीळ हातात घेऊन माझा फोटो काढला, खोका हातात घेऊन काढला, आत्यासोबतही काढला. आत्या फोटोत अशी दिसते की तिला पोलीस घेऊन चाललेत.

"इससे आगे क्या बनेगा?"

"शायद मोबाइल की चिप."

"मतलब मेरा टेप मोबाइल के अंदर जाएगा!"

"नहीं. टेप फेंक देते हैं."

त्यांचा चेहरा इतका पडला की मला शब्द परत घ्यावेसे वाटले. यंत्र पुन्हा सुरू झालं. तरी त्यांनी उदारपणे आपली सगळ्यात भारी टेप पुढे केली. "यह हाथी को लगाओ तो हाथी नहीं छूटेगा." मी ती माझ्या खड्याला लावली. हत्ती कदाचित टिकला असता. खड्याचे दोन तुकडे झाले आणि मोठ्या तुकड्याचा चुरा जलेबीच्या पाकात गेला.

उरलेला तुकडा मी डबीत बंद केला. तेवढाच खडा आता माझ्यापाशी होता. एवढा चांगला नवा खडा मागवायचा तर महिने गेले असते, आणि तपासणाऱ्यांना उत्तर महिनाअखेरीस द्यायचं होतं.

आत्याने ते पाहिलं. तिचा चेहरा उतरला. "नीलू," ती म्हणाली, "मला आता आठवतंय. टेप बोंबिलवालीने लावली होती. तारोडीच्या फिलूबाईने."

तारोडी

सरांना फोनवर हे सांगितलं तर ते उठूनच बसले. टेप नव्हे, बोंबलाचं तेल! गोंदात माशाचं तेल उतरलं असणार, त्याने चिकटपणा बदलला असणार. "ओला, अर्धा सुका आणि पूर्ण सुका, तिन्ही नमुने घे," ते म्हणाले. शाकाहारी माणसाच्या आवाजात एवढी भूक मी कधी ऐकली नव्हती.

भाईंदर पश्चिमेहून बस निघते आणि थोड्याच वेळात इमारती संपून जातात. मुर्धा आणि राई या गावांच्या बाजूला जुनी मिठागरं, मध्येच बांधकामाचे हिरवे पडदे, पुन्हा पाणी. मग उत्तनचा चढ आणि एकदम समुद्र. तारोडीत बांबूच्या आडव्या दांड्यांवर बोंबील जोडीजोडीने लोंबत होते, एकमेकांच्या तोंडात तोंड अडकवून. वाऱ्याला खारट वास होता. मला तिथे दोन मिनिटं खरंच बरं वाटलं, खडा, निबंध, सगळं विसरले.

फिलूबाई सावलीत बसून बोंबील निवडत होत्या. आत्याने फार हळू आवाजात विचारलं, पुड्याला टेप तुम्हीच लावली होती ना?

"टेप? मी कवा टेप लावली गो? माज्याकडं टेप हायच न्हाय. मी सुतली बांदतंय."

आत्या समुद्राकडे बघायला लागली. पण मी सरांच्या तेलाने भारलेली होते. मी रमणीकभाईंच्या टेपचे तुकडे करून वाळत्या बोंबलांना लावत सुटले. काही ओल्यांना, काही अर्ध्या सुक्यांना. प्रत्येकावर पेनाने खूण केली. फिलूबाईंनी काम थांबवलं. शेजारच्या दोघीजणी आल्या.

"ही काय करतं गो?"

"प्रयोग," आत्या म्हणाली.

फिलूबाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि आत्याला खरोखरीच्या मायेने विचारलं, "लय शिकली ना? म्हनून असा झाला काय?"

आत्याने दुःखाने मान हलवली. तेवढ्यात एका मांजराने उडी मारून खूण केलेला एक अर्धा सुका बोंबील टेपसकट पळवला. मी त्याच्यामागे धावले. तीन अणूंच्या जाडीचं संशोधन करणारी बाई तारोडीच्या वाळूत मांजराला "थांब, थांब" म्हणत धावतेय, हे दृश्य तिथे अजून सांगितलं जात असणार. मांजर होडीखाली गेलं. बाकीच्या पट्ट्या मी सोडवल्या आणि खडा डबीतून काढून लावून पाहिल्या. टेप बोंबलाला चिकटली होती, आता खड्याला चिकटेना. खड्याला फक्त वास लागला.

परतीच्या बसमध्ये मला रडू आलं. हुंदके देऊन आलं, समोरच्या सीटवरचे गृहस्थ उठून पुढे जाऊन उभे राहिले. "झालं सगळं," मी आत्याला म्हटलं. "सहा वर्षं पाण्यात गेली. एक टेप सापडत नाही मला." तिने पदराने माझं तोंड पुसलं आणि घर येईपर्यंत माझा हात धरून ठेवला.

पुन्हा नवघर, स्वयंपाकघरात

घरात शिरल्यावर आत्याने चपला काढल्या, सरळ स्वयंपाकघरात गेली आणि फ्रिजवरचं झालरीचं कव्हर ओढून काढलं.

फ्रिजच्या उजव्या अंगाला वरपासून खालपर्यंत टेपच्या पट्ट्या होत्या. तपकिरी, पारदर्शक, रुंद, अरुंद, काहींवर अजून कोणाकोणाचे अर्धे पत्ते. घरी येणाऱ्या प्रत्येक पार्सलवरची टेप आत्या नखाने अलगद सोडवते, फ्रिजला लावून ठेवते आणि लागेल तेव्हा काढून वापरते. काम झालं की पुन्हा फ्रिजला. काही पट्ट्या कित्येकदा तिथून निघून परत आलेल्या होत्या.

"एवढी चांगली टेप असते गं," ती म्हणाली. "फेकवत नाही."

"आणि तू मला नवी कोरी म्हणालीस!"

"मग काय सांगू? माहेरी पार्सल पाठवते ते उतरलेल्या टेपने? तुझी आई किती टापटीप. तिचं सगळं कसं नवं नवं. तिला कळलं असतं तर माझी काय लाज राहिली असती?"

"अगं, मग मला गावभर का फिरवलंस? दुकान, कारखाना, बोंबील!"

आत्याने ओशाळून खाली पाहिलं. "मला वाटलं, फिरता फिरता सापडेल एखादी."

"मलाही तसंच वाटलं," काका पेपरामागून म्हणाले. पेपर आता चांगलाच हलत होता.

मी चिडून एक पट्टी ओढली. ती फ्रिजवरून सहज, आवाज न करता सुटली. बोटाला लागली आणि बोटानेच ती सोडलीही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. नवी टेप खड्यावर तुटून पडते आणि थरांच्या चिंध्या करते. ही थकलेली टेप हलकेच धरते आणि अख्खा थर उचलून आणते. फ्रिजने तिचा सगळा ताठा काढून घेतला होता.

मी आत्याच्या गळ्यात पडले. ती आधी घाबरली, मग तिने अट घातली. शास्त्रात काय लिहायचं ते लिही, पण तुझ्या आईला यातलं अक्षर कळता कामा नये. मी शपथ घेतली.

पट्ट्या न्यायच्या कशा, हा पुढचा प्रश्न. काकांनी पहिल्यांदाच पेपर खाली ठेवला आणि स्टीलची परात काढून दिली. परातीच्या पाठीवर आम्ही तिघांनी बसून पट्ट्या चिकटवल्या. निघताना आत्याने आईसाठी बोंबलांचा पुडा दिला. त्याला मात्र तिने मुद्दाम दुकानातून आणलेली नवी कोरी टेप गुंडाळली, जरुरीपेक्षा दुप्पट. मी परात मांडीवर घेऊन पुण्याला आले. कंडक्टरने दोनदा विचारलं, आत जेवण आहे का.

पुणे

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत उरलेल्या खड्याला आत्याची पट्टी लावली आणि सोलली. मैदान! सरांनी पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि माझी पाठ थोपटली. परातीलाही थोपटलं.

मग ते खुर्चीत बसले. "पण नीलिमा, एका फ्रिजवर विज्ञान उभं राहत नाही. उद्या ते म्हणतील, त्या फ्रिजचा रंग निराळा, त्या बाईंचा हात निराळा. दुसरं घर पाहिजे. दुसरा हात, दुसरा पत्रा, आणि वर्षानुवर्षं वापरलेली टेप. तिथेही मैदान निघालं तर कोणी हरकत घेणार नाही."

"असं कोण सापडणार, सर? तुम्ही ठेवता का घरी टेप सोडवून?"

"छे! छे!" सर इतक्या जोरात म्हणाले की मी मान खाली घातली. प्रयोगशाळेत सगळ्यांना विचारलं. सगळे हसले, सगळे नाही म्हणाले, आणि सगळे लगेच कामाला लागले. महिनाअखेर तोंडावर आली होती. कोणाच्या घरात शिरून फ्रिजची कव्हरं थोडीच उचलता येतात?

त्या संध्याकाळी मी काखेत परात घेऊन, हताश होऊन घरी आले. आई स्वयंपाकघरात आत्याचा पुडा उघडत होती. मी आल्याचं तिला कळलं नाही. तिने कात्री घेतली नाही. नखाने टेपचं टोक शोधलं, आणि जीभ दातांत धरून, कुठेही फाटू न देता, पूर्ण पट्टी अलगद सोडवली.

"शालूवन्संचं बरं आहे," ती स्वतःशीच पुटपुटली. "दरवेळी नवी कोरी टेप. आपल्याला नाही जमत बाई असं उधळायला."

मग तिने डाव्या-उजव्या बाजूला पाहिलं, लोखंडी कपाटाचं दार उघडलं आणि ती पट्टी दाराच्या आतल्या अंगाला लावून तळव्याने दाबली. तिथे आधीच्या पट्ट्या ओळीने होत्या. वरपासून खालपर्यंत. माझ्या लहानपणापासूनच्या असाव्यात.

माझ्या हातातली परात खाली पडली. आई दचकून वळली आणि तिने पाठीने दार लावून टाकलं.

"आत्याला सांगू नकोस हं," ती म्हणाली.